शाळकरी मुलांना ग्राफिक डिझाईन शिकवायचंय? आधी पाट्या, मग पेन्सिल, लॅपटॉप सगळ्यात शेवटी

पहिल्या दिवशी मी मुलांना एकच शब्द लिहायला सांगते, "नगर". ए-फोर कागद आडवा धरून, जाड मार्करनी, मोठ्ठा. मग म्हणते आता तोच शब्द खाली परत लिहा पण शिरोरेषा न देता. दोन मिनिटं सगळे माना खाली घालून लिहितात आणि मग कोणीतरी ओरडतंच, "ताई, हे तर गुजराती झालं!"

झालं की. आणि बडोद्यात शिकवायचा हाच मोठा फायदा आहे, इथल्या मराठी घरातल्या पोरांच्या डोळ्यापुढे दिवसभर तीन लिप्या असतात, घरी देवनागरी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी, पण त्या तिघींकडे "बघायला" त्यांना कोणी कधी सांगितलेलं नसतं, फक्त वाचायला सांगितलेलं असतं. बघणं आणि वाचणं यातला फरक कळला की ग्राफिक डिझाईनचा अर्धा पाया तिथेच पडला.

थोडं माझ्याबद्दल म्हणजे पुढचं कुठून येतंय ते कळेल. मी अप्लाइड आर्ट केलं, काही वर्षं प्रेसमध्ये काढली, आता दांडिया बाजारात घराच्या माडीवर शनिवारी आठवी ते बारावीच्या मुलांचा क्लास घेते. निम्मी मुलं मराठी, ती ताई म्हणतात, निम्मी गुजराती, ती बेन म्हणतात. एका बॅचमध्ये १२ च्या वर मुलं घेत नाही कारण प्रत्येकाच्या कागदावर वाकून बघायचं असतं. १६ आठवडे, दर आठवड्याला २ तास. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना, नवीन क्लास सुरू करणाऱ्यांना किंवा घरीच मुलाला शिकवू बघणाऱ्या आईबाबांना उपयोग व्हावा म्हणून सगळा क्रम लिहून काढतेय, जसा मी वापरते तसा.

सामान काय लागतं

फार काही नाही. २बी आणि ६बी पेन्सिल, काळा जाड मार्कर, एक बारीक काळं पेन, कात्री, फेव्हिकॉल, स्टीलची पट्टी, जुनी मासिकं आणि वर्तमानपत्रं, पतंगाचा रंगीत कागद, आणि पोस्टर कलरच्या फक्त चार बाटल्या, लाल पिवळा निळा काळा. पांढरा कागदाचाच. पालक हौसेनी ४८ रंगांचा सेट घेऊन देतात, तो मी प्रेमानी घरी परत पाठवते. ४८ रंग हातात असले की मूल ठरवत नाही, नुसतं उचलतं. आणि डिझाईन म्हणजे ठरवणं, हे मी १६ आठवडे वेगवेगळ्या तऱ्हेनी सांगत असते.

आठवडा १ ते ३ : बघायची सवय

एक वस्तू निवडायची, रोजची. मी पितळी तांब्या घेते कारण त्याला गोलाई आहे, गळा आहे, चमक आहे. पहिल्या आठवड्यात तो साधा बघून काढायचा. मग डोळे किलकिले करून बघायचा, म्हणजे बारीकसारीक दिसेनासं होतं आणि फक्त काळं-पांढरं उरतं, तेवढंच मार्करनी भरायचं. मग फक्त बाहेरची कड, आतलं काही नाही. मग कागदातून कापून, पेन्सिल न वापरता. मग पाच रेघांत. मग तीन रेघांत. घरी जाऊन याच एका तांब्याची २० चित्रं करून आणायची.

विसाव्या चित्राकडे पोचेपर्यंत मूल वैतागतं, मला माहितीय, पण तीन रेघांत तांब्या ओळखू आला पाहिजे म्हटल्यावर कुठली रेघ ठेवू आणि कुठली सोडू हा विचार त्याला करावाच लागतो, आणि लोगो, आयकॉन, चिन्ह हे सगळं शेवटी हेच. एका मुलीनी फक्त गळ्याचा वळसा आणि पोटाचा फुगवटा ठेवला, तळ काढलाच नाही, तरी तांब्याच दिसला. तो कागद मी अजून भिंतीवर लावून ठेवलाय.

"सुंदर आलंय" हा शब्द या तीन आठवड्यांत मी वापरत नाही. "ओळखू येतंय" किंवा "येत नाहीये" एवढंच.

आठवडा ४ ते ६ : पाट्यांची फेरी

हा माझा सगळ्यात आवडता भाग म्हणून जरा लांबेल.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत निघायचं. दांडिया बाजारातून रावपुरा, पुढे न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मग मांडवी. दोन-दोन मुलांची जोडी, जोडीमागे एक फोन, आणि प्रत्येक जोडीनी २० पाट्यांचे फोटो काढायचे, त्यातल्या निदान ५ हातानी रंगवलेल्या असल्या पाहिजेत. हाताच्या पाट्या आता शोधाव्याच लागतात, फ्लेक्सनी खाऊन टाकल्या, पण जुन्या पोळांमध्ये म्हणजे गल्ल्यांच्या वस्त्यांमध्ये, दुकानांच्या शटरवर, हातगाड्यांवर अजून मिळतात. दुकानदाराला विचारून फोटो काढायचा हे आधी बजावायचं, नाहीतर ते म्युन्सिपाल्टीवाले आले समजतात.

परत आल्यावर फोटो मोठे करून बघायचे आणि प्रत्येक पाटीला तीन प्रश्न विचारायचे. रस्त्याच्या पलीकडून आधी काय वाचलं? दुसरं काय वाचलं? काय वाचायचं राहूनच गेलं? बस. याला मोठमोठी नावं आहेत, पण मुलांना मी ती नंतर सांगते, आधी डोळ्यानी कळू दे.

मग लिप्यांवर यायचं. देवनागरीत शिरोरेषा शब्दाला बांधून ठेवते, कपडे दोरीवर वाळत घातल्यासारखी अक्षरं तिला लटकतात. गुजरातीला दोरीच नाही, त्यामुळे दोन अक्षरांमधली आणि दोन शब्दांमधली जागा फार जपून ठेवावी लागते नाहीतर शब्द एकमेकात घुसतात. या बिनरेघेच्या लिपीला पूर्वी शराफी, महाजनी, वाणियाशाई म्हणायचे, सराफ-व्यापाऱ्यांची भरभर लिहायची लिपी होती ती, आणि छापून पहिल्यांदा दिसली तीही १७९७ मधल्या एका जाहिरातीत. मुलांना हे सांगितलं की त्यांना भारी वाटतं, म्हणजे गुजराती छपाईची सुरुवातच आपल्या धंद्यातून!

इथून नियम निघतात, ते वहीत लिहून घ्यायला लावते. इंग्रजी शब्दात अक्षरं लांब-लांब ठेवून स्टाईल मारता येते, गुजरातीतही थोडी चालते, पण देवनागरीत कॉम्प्युटरवर तेच केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द फुटका दिसतो. इंग्रजीत कॅपिटल अक्षरं आहेत, आपल्याकडे नाहीत, म्हणून जोर द्यायचा तर जाडी बदला, आकार बदला, रंग बदला. आणि आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त लागते. सॉफ्टवेअर इंग्रजीच्या हिशोबानी अक्षराच्या मापाच्या साधारण १२० टक्के अंतर देतं, मी देवनागरीला १४० पासून सुरू करते आणि मग डोळ्यानी ठरवते.

आता दोन अक्षरांची गोष्ट. एक म्हणजे "ळ". मराठीत आहे, गुजरातीत आहे, आपण नेहमी बघतो त्या हिंदीत नाही. फुकट मिळणारे बरेच नटवे फॉन्ट हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेले असतात, त्यात ळ एकतर नसतो किंवा कोणीतरी उरकून टाकल्यासारखा असतो. म्हणून आमच्याकडे नियमच आहे, नवा फॉन्ट आला की पहिला शब्द टाईप करायचा "उसळ". उसळ नीट दिसली तर फॉन्ट पास. दुसरं म्हणजे "दुसऱ्या", "खऱ्या", "तऱ्हा" मधला अर्धा र, तो चंद्रकोरीसारखा. हा चुकलेला मी इतक्या गणपतीच्या बॅनरवर बघितलाय की काही विचारू नका. आणि मराठी ल पाकळीचा, श देठाचा, हिंदी वळणाचे ल आणि श वेगळे दिसतात. काही चांगल्या फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की बरोबर वळण आपोआप येतं, पण आधी मुलाला फरक दिसायला तर हवा.

फुकट फॉन्टमध्ये मुक्ता आणि बलू आम्ही खूप वापरतो, दोन्हींची गुजराती भावंडं पण आहेत म्हणजे एकाच पोस्टरवर दोन लिप्या एका घरातल्या वाटतात. आणि हिंद नावाच्या फॉन्टची जी गुजराती आवृत्ती आहे तिचं नावच हिंद वडोदरा आहे. हे कळल्यावर वर्गात जी आरोळी होते ती ऐकण्यासारखी असते.

या तीन आठवड्यांचं शेवटचं काम, स्वतःचं नाव तीन लिप्यांत हातानी काढायचं, पण तिन्ही एकाच माणसाचं वाटलं पाहिजे. म्हणजे जाडी एक, वळणाचा स्वभाव एक. हे अवघड आहे. मोठ्यांनाही पटकन जमत नाही.

आठवडा ७ आणि ८ : रंग

फक्त दोन रंग. आणि कागदाचा पांढरा, तो फुकट. कुठले दोन ते मुलांनी निवडायचं, पण निवडल्यावर दोन आठवडे बदलायचे नाहीत.

इथे मी त्यांना राजा रविवर्म्याकडे घेऊन जाते, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात महाराजा फतेहसिंग म्युझियम आहे तिथे त्याची मूळ चित्रं आहेत. चित्रं बघून झाली की बाहेर पायरीवर बसून छपाईची गोष्ट सांगायची. रविवर्म्यानी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढली, पुढे ती लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, आणि तिथून लक्ष्मी-सरस्वतीची ती चित्रं घराघरात पोचली. पण छापायची कशी, तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक दगड पिवळ्याचा, एक लालचा, एक निळ्याचा असा तोच कागद एकामागून एक दगडावर ठेवून छापत जायचं, आणि एक दगड जरा सरकला तर देवीचं नाक एकीकडे आणि नथ दुसरीकडे. हे मुलांच्या डोक्यात बसलं की नंतर कॉम्प्युटरवरचे लेयर आणि सीएमवायके शिकवायला पाच मिनिटं लागतात, कारण आजचा ऑफसेट प्रेस पण निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार प्लेटांनी हेच करतो. ओघात हेही सांगते की दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या. फोटोग्राफी, छपाई असल्या गोष्टींत हात घालून मग माणूस सिनेमाकडे गेला, तेव्हा ड्रॉइंग शिकून पुढे काय करणार असं घरी कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

प्रत्यक्ष काम म्हणजे बटाट्याचा ठसा. दोन बटाटे, दोन रंग, एकच चित्र. एक रंग दुसऱ्यावर पडला की तिसरा तयार होतो, तो तिसरा फुकटात मिळालेला रंग वापरून दाखवायचा. ठसा उलटा उमटतो हे मी मुद्दाम सांगत नाही. प्रत्येक बॅचमध्ये निम्म्या मुलांचं नाव उलटं छापलं जातं आणि मग ते आयुष्यभर लक्षात राहतं.

रंग जमलेत का हे बघायची सोपी युक्ती, फोनवर फोटो काढून काळा-पांढरा करा. अक्षर आणि मागची जमीन एकाच करड्या रंगाची झाली तर ती पाटी उन्हात कोणाला वाचता येणार नाही. लालवर हिरवी अक्षरं हा आपल्याकडचा लाडका प्रकार आहे आणि या परीक्षेत तो दर वेळी नापास होतो. शिवाय लाल-हिरवा नीट वेगळा न दिसणारे लोक असतात, मुलग्यांमध्ये जास्त, माझ्या वर्गातच एक निघाला आणि त्याला स्वतःला तेव्हाच कळलं.

आठवडा ९ : मांडणी

हा पटकन सांगते. ए-थ्री कागद घ्या, मधून दुमडा, परत दुमडा, परत दुमडा, उघडा. आठ खाने तयार. आता मासिकातून कापलेले तुकडे, एक मोठं चित्र, एक मथळा, एक छोटा मजकूर, या खान्यांच्या कडा धरून ठेवायचे, चिकटवायचे नाहीत. सरकवा, फोटो काढा, परत सरकवा. किमान १० मांडण्या. त्यात निदान एका मांडणीत अर्धा कागद रिकामा ठेवायचा, आणि यावर वाद होणार हे धरूनच चला, कारण रिकामी जागा म्हणजे "काम कमी केलं" असं मुलांना वाटतं, त्यांच्या आयांना तर वाटतंच. त्या वेळी मी दोन लग्नपत्रिका बाजूबाजूला ठेवते, एक खचाखच भरलेली आणि एक मोकळी, आणि विचारते मुहूर्त कुठे आहे ते आधी कोणाला सापडतं.

आठवडा १० ते १२ : इलस्ट्रेशन

चित्र आणि इलस्ट्रेशन यात फरक काय असं विचारतात. मी सांगते, इलस्ट्रेशनला काहीतरी सांगायचं असतं आणि ते कोणाला तरी कळलं पाहिजे.

रावपुऱ्याजवळ तांबेकर वाडा आहे, एकोणिसाव्या शतकातला, भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते त्यांचा. आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत, महाभारत, कृष्णाच्या गोष्टी, चौकटी-चौकटींमधून. बडोद्यात जन्म काढलेल्या कितीतरी मुलांनी तो बघितलेला नसतो. तिथे मी एकच काम देते, एक चौकट निवडा आणि शोधा की चित्रकारानी तुमचा डोळा कुठून कुठे नेला. कोण कुणाकडे बघतंय, हात कुठे दाखवतोय, कोण मोठा काढलाय आणि कोण छोटा. जमलं तर कीर्तिमंदिरही दाखवा, नंदलाल बोसांनी रंगवलेल्या चार भिंती आहेत तिथे, एकावर गंगावतरण, एकावर मीरेचं आयुष्य. तांबेकर वाड्यात गर्दी, इथे मोकळी लयदार रेघ. दोन्ही बघितल्यावर स्टाईल म्हणजे काय हे मला वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि भूपेन खख्खर. हा बडोद्याचा चित्रकार धंद्यानी अकाउंटंट, आणि त्यानी काढलं कोणाला तर शिंप्याला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला, न्हाव्याला, त्यांच्या त्यांच्या दुकानात. मुलांना मी तेच करायला लावते. आपल्या गल्लीतला एक माणूस निवडायचा, त्याच्याजवळ अर्धा तास बसायचं, फोटो न काढता. त्याचे हात चार वेळा काढायचे, त्याची हत्यारं काढायची, तो बसतो कसा ते काढायचं. मग तीन चौकटींत त्याचं एक काम दाखवायचं, सुरुवात, मधलं, शेवट, शब्द न वापरता. एकानी रफूवाल्या चाचांना काढलं, तिन्ही चौकटींत फक्त भोक आणि सुई, माणूस कुठेच नाही. मला आधी वाटलं आळस केलान, मग नीट बघितलं तर तिसऱ्या चौकटीत भोक नव्हतं आणि दोरा तोंडानी तोडल्यावर राहतो तेवढा तुकडा लोंबत होता. तो त्या चाचांकडे खरंच अर्धा तास बसला होता, हे त्या तुकड्यावरून कळलं.

इंटरनेटवरून बघून जसंच्या तसं उतरवणं याच टप्प्यावर सुरू होतं. ओरडू नका. फक्त विचारा, "हा हात इथे का ठेवलास?" ज्यानी बघून-ठरवून काढलंय तो उत्तर देतो, ज्यानी उतरवलंय तो तुमच्याकडे बघत बसतो. एआयकडून काढून आणलेल्या चित्रालाही मी हाच प्रश्न विचारते, वेगळा नियम नाही. शिकण्यासाठी नक्कल करायला माझी हरकत नाही, मीही केलीय, पण खाली मूळ कोणाचं ते लिहायचं आणि पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामांच्या फाईलमध्ये, ते टाकायचं नाही.

आठवडा १३ आणि १४ : आता लॅपटॉप उघडा

इतके दिवस तरसवल्यामुळे मुलं तुटून पडतात. सगळ्यांकडे लॅपटॉप नसतो, माझ्याकडे दोन आहेत, बाकी मुलं पाळीपाळीनी बसतात आणि तोपर्यंत हातानी काम चालू ठेवतात. फुकट सॉफ्टवेअर पुरतात, आकृत्या आणि अक्षरांसाठी इंकस्केप, रंगवायला क्रिता, फोटोसाठी ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी. तयार टेम्प्लेटवाली अ‍ॅप्स वर्गात बंद, घरी वाढदिवसाचं कार्ड करायचंय तर खुशाल करा.

व्हेक्टर समजवायला पतंगाचा कागद काढते. उत्तरायणाला पतंगावर जी नक्षी असते ती रंगवलेली नसते, रंगीत कागदाचे तुकडे कापून जोडलेले असतात, सपाट आकार, धारदार कड, आणि खालून बघताना पार वर गेलेला पतंग त्या आकारावरूनच ओळखतो आपण. व्हेक्टर म्हणजे हे. आणि फोटो म्हणजे रांगोळीचे ठिपके, जवळ गेलं की दाणे दिसणार. आधी हातानी पतंगाच्या कागदाची नक्षी कापायची, मग तीच इंकस्केपमध्ये पेन टूलनी, म्हणजे बिंदू टाकून कड काढायच्या हत्यारानी, करायची.

पेन टूल सगळ्यांना रडवतं. सरावाला मी परत "ळ" देते, दोन गाठोडी आणि एक वळसा. पहिल्या वेळी मुलं ४० बिंदू टाकतात आणि ळ चावलेल्या पापडासारखा दिसतो. मग सांगायचं, पूर्ण गोलाला चारच बिंदू लागतात, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वळण जिथे सगळ्यात बाहेर जातं तिथेच बिंदू टाका आणि मधलं काम हँडलला, म्हणजे बिंदूला जोडलेल्या वळण देणाऱ्या दांडीला, करू द्या. बिंदू १५ च्या आत आणले की अक्षर एकदम श्वास घेतं.

पिक्सेलचा हिशोब एकदा फळ्यावर करा, परत कधी करावा लागत नाही. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे ए-फोर पानाला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. आणि १६०० पिक्सेल रुंदीचा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो ३०० नी छापला तर जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर, पोस्टरभर ताणलात तर मामाचा चेहरा ओळखू येणार नाही. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. मोठ्या फ्लेक्सला मात्र ३०० लागत नाही, लांबून बघतात, पूर्ण मापाला ७२ ते १०० चालून जातं.

फाईल प्रेसला द्यायच्या आधीचं एक माझ्या अंगाशी आलेलं सांगते. एका गणेश मंडळाचा फ्लेक्स मी केला होता, जुन्या पद्धतीच्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये, आणि घाईघाईत अक्षरांचं आकृतीत रूपांतर न करताच फाईल पाठवली. छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नव्हता. रात्री ११ ला फ्लेक्स आला तर "श्री" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, कार्यकर्त्यांची नावं कुठल्यातरी परग्रहावरची, फक्त गणपती तेवढा जागेवर हसत होता. चूक पूर्ण माझी. पैसे मी भरले. तेव्हापासून वर्गाच्या दारावर कागद लावलाय: युनिकोडमध्येच टाईप करा, एक प्रत टाईप केलेली ठेवा, दुसऱ्या प्रतीत सगळी अक्षरं आकृतीत बदला, कोरल सॉफ्टवेअरमध्ये असाल तर कंट्रोल-क्यू, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ, मग पीडीएफ, आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची जागा कापायला. स्क्रीनवरचा तो भडक पोपटी रंग छापून मळकट येणार हेही तिथेच लिहिलंय, कारण स्क्रीन उजेडानी रंग दाखवतो आणि कागदाला तेवढा उजेड नसतो.

मधेच : एकमेकांच्या कामाबद्दल बोलणं

हे सगळे आठवडे चालू असतं. भिंतीला दोरी, चिमटे, सगळ्यांचे कागद लटकवायचे, नाव मागे. बोलताना "मला आवडलं", "मला नाही आवडलं" बंद. "मला आधी हे दिसलं, मग हे दिसलं, हे मला कळलं नाही" एवढ्याच प्रकारचं वाक्य चालेल. ज्याचं काम आहे त्यानी त्या वेळी गप्प बसायचं, समजावून सांगायचं नाही, कारण पोस्टरशेजारी उभं राहून तुम्ही रस्त्यावर प्रत्येकाला समजावत बसणार आहात का? सुरुवातीला एखादं मूल डोळ्यात पाणी आणतं. तेव्हा मी माझा तो गणपतीचा फ्लेक्स काढून दाखवते, जपून ठेवलाय त्यासाठीच.

पोर्टफोलिओबद्दल पालक दहावीपासूनच विचारायला लागतात, कारण पुढे डिझाईन-कलेच्या कॉलेजांचे प्रवेश असतात, एनआयडी, आयआयटीवाली यूसीड परीक्षा, निफ्ट, आपलं इथलं फाईन आर्ट्स. मी सांगते की खोडलेले, चुकलेले, विसाव्या तांब्यापर्यंतचे सगळे कागद तारीख घालून ठेवा. परीक्षेत ड्रॉइंग करायचं असतंच, पण समोरच्याला मूल विचार कसा करतं हे बघायचं असतं, आणि ते चकाचक शेवटच्या चित्रात दिसत नाही, वहीत दिसतं. एक डायरी, खिशात मावेल एवढी, रोज एक पान. मार्क मिळवायचे ठरावीक नमुने पाठ करून घेणारे क्लास वेगळे, तिकडे जायचं तर जा.

आठवडा १५ आणि १६ : खरं गिऱ्हाईक

शेवटी एक खरं काम, खऱ्या माणसासाठी. पैसे घ्यायचे नाहीत पण वेळ पाळायची. आमच्या कोपऱ्यावर सेव उसळवाले काका आहेत, गेल्या बॅचमध्ये अकरावीतल्या एका मुलीनी त्यांचं मेनूकार्ड घेतलं. आधी जाऊन विचारायचे प्रश्न मी लिहून देते: कोण येतं खायला, किती वाजता गर्दी, लोक पहिलं काय विचारतात, भाव वर्षातून किती वेळा बदलतात, कार्ड ठेवणार कुठे, त्यावर तर्री सांडणार का. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्यावरून लॅमिनेशन ठरतं आणि पांढरी जमीन बाद होते.

तिनी छान केलं होतं. वर तांबड्या रश्श्याचा एक सपाट गोल, त्यावर शेवेच्या बारीक रेघा, "सेव उसळ" तीन लिप्यांत एकाच जाडीचं, ळ तर तिनी स्वतः काढलेला, ११ बिंदूंचा. वर्गात सगळ्यांनी वाखाणलं. मीपण. मग आम्ही दोघी प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. दुपारची वेळ, गर्दी नव्हती, चष्मा गल्ल्यावर राहिलेला. काकांनी हात पुसले, कार्ड हात लांब करून धरलं, मान मागे घेतली, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मस्त छे बेटा. पण भाव क्यां छे?"

भाव होते. उजव्या कडेला, नाजूक, १२ पॉईंटमध्ये, राखाडी. ती काही बोलली नाही, खिशातली डायरी काढून काकांचा हात डोळ्यापासून किती लांब होता ते पट्टीनी मोजलंन, ६० सेंटीमीटर भरलं, ते लिहून घेतलंन. पुढच्या शनिवारी भाव २० पॉईंटला आले होते, काळे, जाड, आणि प्रत्येक आकड्याखाली एक मोकळी पांढरी चौकट होती, भाव वाढला की काकांना वर कागद चिकटवायला.